भोगीच्या आधीचा हरभरा

द्वारकाचा ताप श्रावणातच उतरला होता. त्या साली पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली, शाळा बंद झाल्या, थेटरं बंद झाली, आणि एरवी कुणाला न जुमानणारी मांजरी गावची माणसंही तोंडाला रुमाल बांधून उसाला पाणी देऊ लागली. द्वारका आठवडाभर दवाखान्यात पडली आणि नुसती हाडं घेऊन घरी आली. सुटली बाई, असं सगळ्यांनी म्हटलं. पण ताप गेला तरी त्यानं तिचा पिच्छा सोडला नव्हता, आणि पौष उजाडला तरी ही गोष्ट तिच्याशिवाय कुणाला पटत नव्हती.

पटणार तरी कशी? काल ती मेथीचं गाठोडं डोक्यावर घेऊन बाजारात तरातरा चालताना लोकांनी पाहिलेली असायची, आणि आज तिला न्हाणीतून चुलीपर्यंत येताना मध्ये भिंत धरावी लागायची. छातीत एकदम धडधड सुरू व्हायची, विहिरीतलं पाणी संपल्यावर मोटार कोरडी फिरते तशी. मग एखादा ठोका चुकायचा, पुढचा गळ्याशी येऊन आपटायचा, आणि अंगातलं बळ पार निघून जायचं. धडधड थोड्या वेळानं थांबायची. बळ मात्र परत यायला कधी दोन दिवस लावायचं, कधी आठ.

डॉक्टरकडे गेलं की छाती अगदी शहाण्यासारखी वागायची. ईसीजीची पट्टी काढली की ठोके एकसारखे. तरी हडपसरचा डॉक्टर भला होता, त्यानं तिला खोटं पाडलं नाही.

"तापानं हृदयाच्या स्नायूला सूज आली होती, मावशी. ती उतरतीये, पण सावकाश. वर्ष लागेल, जास्तही लागेल. चांगले दिवस येतील, वाईट येतील. वाईट दिवशी तुम्ही झोपालच. मला काळजी आहे ती चांगल्या दिवसाची. त्या दिवशी निम्मंच काम करायचं."

"निम्मं म्हंजे कसं?" द्वारकानं विचारलं. "निम्मी म्हैस धुवू का?"

डॉक्टर हसला. तिचा नवरा बद्रीनाथ शेजारी बसला होता, तो छताकडे बघत राहिला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यानं या बाईला निम्मं काही करताना पाहिलं नव्हतं. भांडणसुद्धा ती पुरं करूनच उठायची.

खरी अडचण म्हशीची नव्हती, पैऱ्याची होती. द्वारका, मालनबाई, नंदा आणि मुक्ताई या चौघींचा पैरा कैक वर्षांपासून चालत आला होता. आज चौघींनी एकीच्या रानात राबायचं, उद्या दुसरीच्या. मजुरी नाही, उपकार नाही, दिवसाला दिवस. आजूबाजूला टॉवर उठले तशा रोजानं येणाऱ्या बाया तिकडे धुण्याभांड्याला गेल्या. सावलीतलं काम आणि महिन्याचा पगार सोडून उन्हात कोण येतंय? आता गावात पैरा असेल त्याचंच रान पिकत होतं. बद्रीनाथ टॉवरच्या गेटवर रखवालदार होता, मुलगी दीपमाला आयटी कंपनीत. घरात शेताला हात फक्त द्वारकाचे. ती पैऱ्यातून निघाली असती तर तिचं दीड एकर पडीक पडलं असतं, आणि पडीक रानाच्या बांधावर प्लॉटिंगवाल्याची मोटार यायला कितीसा वेळ लागतो? हे ती जाणून होती. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. त्या तिघींच्या बडबडीशिवाय दिवस काढायचा म्हणजे काय, हे तिला दवाखान्यात कळलं होतं, आणि ते तिला पुन्हा नको होतं.

नंदाच्या पालकाला तिचा पहिला खाडा पडला. लसणाला दुसरा. त्या आधी तिघींनी तिची मेथी काढून दिली होती, ते दिवस अजून तिच्या डोक्यावर होते. नळावर मुक्ताईनं बोलून दाखवलं.

"वैनी, आदल्या दिवशी तर भैरोबाच्या देवळात फुगडी घालत व्हतीस. आन आमच्या बांधावर यायच्या दिवशीच बरी छाती धडधडती तुजी."

मुक्ताई चौघींत धाकटी, जिभेला हाड नाही. द्वारका एरवी तिला पुरून उरली असती. पण त्या दिवशी तिच्याजवळ उत्तर द्यायलाही दम नव्हता. तिनं निम्मीच भरलेली कळशी उचलली आणि निम्म्या वाटेत ती खाली ठेवली. शेवटी टॉवरकडे निघालेली नंदा मागून आली, तिनं न बोलता कळशी उचलून तिच्या उंबऱ्यात ठेवली. द्वारकाला मुक्ताईचं बोलणं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

घरी येऊन तिनं दीपमालाला म्हटलं, "मालनआक्काचा हरभरा मी एकटी उपटीन, पण तो पैरा फेडीन."

"आई, तुझं त्या मोबाइलसारखं झालंय," दीपमाला म्हणाली. "बॅटरी फुल दाखवतो आणि फोन लावला की बंद. फुल दिसतंय म्हणून वापरायचं नसतं गं!"

"मग काय शोकेसमध्ये ठिवायचं?"

मालनबाईचा हरभरा टॉवरच्या भिंतीला लागून होता. दहा गुंठ्यांचा तुकडा, पण पीक असं की जाणारा माणूस थांबून बघायचा. मालनबाईनं तो भोगीसाठी राखला होता. भोगीला पुण्यात घरोघर मिसळीची भाजी होते, त्यात ओल्या हरभऱ्याचा सोलाणा लागतोच, आणि एरवी नाक मुरडणारं गिऱ्हाईक त्या दिवशी डहाळ्याच्या गड्डीसाठी हात पुढे करतं. भोगी बुधवारी होती. मंगळवारी चौघींनी उपटायचं ठरलं होतं, आणि हे द्वारकाला पक्कं माहीत होतं.

शनिवारी पहाटे तिला जाग आली तीच हलक्या अंगानं. तिनं पडल्यापडल्या छातीवर हात ठेवला. आत सगळं संथ, एकसारखं चाललेलं. ती उठून उभी राहिली, घेरी नाही. अंगण झाडलं, दम नाही. म्हशीची धार काढली, आणि ती धार काढताना चक्क गुणगुणायला लागली. असा दिवस तिला पंधरवड्यात मिळाला नव्हता. तिला इतका आनंद झाला की काय करू आणि काय नको असं होऊन गेलं.

मग तिच्या मनात आलं, आज अंगात जीव आहे, मंगळवारी असेल याचा काय भरवसा? मंगळवारी पुन्हा अंथरुणात पडले तर मुक्ताईचं तोंड कोण बंद करणार? आपल्या वाटच्या चार ओळी आजच उपटून ठेवाव्यात. ओल्या पोत्याखाली झाकल्या तर हरभरा काय पळून जातोय?

बद्रीनाथ रात्रपाळीला होता, दीपमाला सुट्टी म्हणून झोपली होती. अडवायला कुणी नव्हतं.

दवानं हरभरा भिजलेला होता. पानावरची आंब बोटांना चरचरत होती, नखाच्या कडेला झोंबत होती, पण ओल्या मातीतून झाड धरलं की कसं सरसर येत होतं. चार ओळी झाल्या तेव्हा सूर्य टॉवरच्या मागेच होता. तिनं कंबर सरळ केली. छाती गप्प होती. अजून दोन ओळी घ्याव्यात म्हणून ती वाकली. मग नंदाच्या वाटच्या घेतल्या. बिचारीनं कळशी उचलली होती. मग मुक्ताईच्या घेतल्या, त्या मुद्दाम घेतल्या, रागानं घेतल्या, आणि फार सुंदर उपटल्या. पोटऱ्या दुखत होत्या, मान भिजली होती, ओठांवर आंबट चव आली होती, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिचं शरीर तिचं होतं. शेवटची ओळ कधी आली ते तिला कळलंसुद्धा नाही. वळून पाहिलं तर रान बोडकं झालं होतं आणि बांधाला हिरवा ढीग लागला होता.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की झाकायला पोती तिनं दोनच आणली होती.

"कुणी मेल्यानं गाढवं सोडली गं माझ्या रानात!" मालनबाईची आरोळी पलीकडच्या बांधावरूनच आली. साठीची बाई, पण आवाज असा की टॉवरच्या चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडली. ती पदर खोचून धावत आली, तिच्यामागे नंदा आणि मुक्ताई. जवळ येऊन बघते तो गाढव नव्हतं, द्वारका होती.

"आक्का, पैरा फेडला," द्वारका म्हणाली.

"पैरा फेडला? आगं, भोगी बुधवारी हाय! बुधवारपातूर ह्याचा पाला होईल पाला! माझ्या म्हशीनं बी एवढं नुकसान केलं नस्तं!"

"मंगळवारी मला उठवलं नस्तं तर? म्हून आजच..."

"म्हून माजं रान भादरलंस व्हय?"

द्वारका काहीतरी उत्तर देणार, तोच छातीत मोटार कोरडी पडली. ती मटकन ढिगावर बसली. तोंड पांढरं पडलं, ओठ सुकले. नंदानं धावत येऊन तिचं मनगट धरलं, मग तिच्या गळ्याशी हात नेला आणि तसाच ठेवला.

"आक्का, हिकडं या. हात लावून बगा."

मालनबाईनं शिव्या देत देतच हात लावला आणि तिचं तोंड मिटलं. मुक्ताईनंही पुढे होऊन पाहिलं. गळ्याची शीर लुगड्याच्या काठाशी टपटप उडत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा दोनदा घाईनं उडत होती. सहा महिने त्या तिघींनी ही धडधड फक्त ऐकली होती. आज ती त्यांच्या बोटांखाली होती.

"आगं बया," मुक्ताई हळूच म्हणाली. "हे असं व्हतं?"

"रोज न्हाई," द्वारका म्हणाली. "रोज झालं अस्तं तर तुमाला खरं तरी वाटलं अस्तं."

मुक्ताईनं मान खाली घातली. मालनबाईनं आपल्या पदरानं द्वारकाचं तोंड पुसलं, दोन घोट पाणी पाजलं, तिला ढिगावर नीट आडवं केलं, आणि मग पुन्हा सुरुवात केली.

"तू खुशाल मर, पर माजा हरभरा उपटून मरू नगंस. सांगून ठिवते, हा दिवस मी पैऱ्यात धरणार न्हाई!"

त्यावर द्वारकाला हसू फुटलं. पडल्यापडल्या, धापा टाकत ती हसायला लागली, आणि तिचं हसणं बघून नंदा हसली, आणि मालनबाईला आणखीच राग आला.

आता या ढिगाचं करायचं काय, हा प्रश्न होता. बाजारात नेला तर भोगीच्या आधी चार दिवस तो मातीमोल जाणार. नंदा टॉवरमधल्या तीन घरांत स्वयंपाक करायची. ती म्हणाली, "आक्का, आज शनिवार. वरची समदी पोरं घरी हायत. दुपारपातूर झोपत्यात आन संध्याकाळी पिझ्झा मागवत्यात. त्यांना हितंच जाळावर भाजून हुळा खाऊ घातला तर?"

"रानात? त्यांच्या पांढऱ्या बुटांवर माती लागंल की."

"लागू दे. बुटं त्येंची हायत."

मालनबाई ढिगाकडे बघत राहिली. मग तिनं मुक्ताईला जाळासाठी उसाचं पाचट आणायला धाडलं.

दीपमाला उठून धावत आली ती आधी आईवर ओरडली. मग फोन घेऊन बांधावर बसली आणि ओळखीतल्या सगळ्यांना निरोप पाठवले. बद्रीनाथनं रात्रपाळी संपली तरी गेट सोडलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो गंभीर चेहऱ्यानं सांगत राहिला, "साहेब, संध्याकाळी भिंतीमागं हुळा हाय. कंपल्सरी न्हाई. पर न गेलेल्यांची नावं मी लिहून घेणार हाय."

पाचच्या सुमारास पहिला आला तो अभिनव, दीपमालाच्या कंपनीतला, नागपूरकडचा लांब पायांचा मुलगा. तिघांत मिळून टॉवरमध्ये फ्लॅट घेऊन राहायचा. भिंतीच्या खिंडारातून आत आला आणि ढीग बघून जागीच उभा राहिला.

"अरे बापा! हा तर सोला आहे! काकू, मी दोन वर्षांपासून शोधून राहिलो, इथं मॉलमध्ये पॅकेटमधला भेटते, त्याला काही वासच नाही ना!"

"बस की मग," मालनबाई म्हणाली. "हात हायत ना? हे झाड धर आन जाळावर ठिव. मॉल न्हाई हा, वाढायला कुणी येणार न्हाई."

त्यानं फोन लावले. मग ते येतच राहिले. पोरी आल्या, पोरं आली, एक तमिळ जोडपं बाळाला घेऊन आलं, बाराव्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल काठी टेकत आले. पाचटाच्या जाळात हिरवी झाडं चरचरत होती, घाटे फट्फट् फुटत होते, धूर टॉवरच्या दिशेनं जात होता. सगळे मातीत मांडी घालून बसले होते आणि काळ्या झालेल्या बोटांनी घाटे सोलत होते. तोंडं काळी, दात काळे, हनुवट्या काळ्या. कर्नलसाहेबांच्या पांढऱ्या मिश्या बघून मुक्ताईला पदर तोंडात कोंबावा लागला.

द्वारका जाळापासून लांब, पोत्याला टेकून बसली होती. दीपमालानं तिला तंबीच दिली होती, हलायचं नाही. हात रिकामे म्हणून तिचं तोंड सुटलं होतं. कुणाचा घाटा कच्चा राहिला, कुणी जळका खाल्ला, कुणी दुसऱ्याच्या पुढ्यातला ओढला, सगळ्यांवर तिची नजर होती. लोक तिच्याजवळ येऊन बसत, हसत, आणि जाताना घरच्या भाजीसाठी डहाळ्याची गड्डी विकत घेऊन जात. एकीनं विचारलं, "काकू, हे ऑरगॅनिक आहे का?"

"न्हाई गं बाई," द्वारका म्हणाली, "हे आक्काचं हाय."

दिवेलागणीपर्यंत ढीग संपला. मालनबाई राखेत राहिलेले घाटे काडीनं वेचत होती. तिचंही तोंड काळं झालं होतं आणि ती स्वतःशीच गालात हसत होती, पण द्वारकानं बघितलं तसा तिनं चेहरा सरळ केला.

"भोगीला बाजारात नेला अस्ता तर हमालाशी भांडावं लागलं अस्तं," ती म्हणाली. "पर म्हून तू बरोबर केलंस, आसं न्हाई. पुना माज्या रानात एकटी शिरलीस तर कुत्रं सोडीन."

"आक्का, मी पैऱ्यातनं जाते," द्वारका म्हणाली. हे तिनं दुपारपासून मनात घोळवलं होतं. आज बोलली नसती तर पुन्हा कधीच बोलली नसती. "माजा दिवस माज्या हातात न्हाई. आज झालं ते उद्या नंदाच्या रानात व्हईल. फेडता येत न्हाई त्यानं घिऊ नये."

नंदानं मुक्ताईकडे पाहिलं. मुक्ताई राख उकरत राहिली. मालनबाई कंबरेवर हात देऊन उठली.

"उशीर झालाय. घरी जा," एवढंच ती म्हणाली.

शनिवारचं देणं द्वारकानं पुढचा आठवडाभर फेडलं. भोगी अंथरुणात गेली, संक्रांत भिंतीला टेकून. आलेल्या बायांना तिनं बसूनच हळदीकुंकू लावलं. आणि संक्रांत उलटली तशी कांद्याची लागण डोक्यावर आली. रोप तयार झालं होतं, बद्रीनाथनं वाफे पाडून पाणी सोडलं होतं. आणखी थांबलं तर रोप वाया जाणार. पैरा तर तिनं सोडला होता. बद्रीनाथ म्हणाला, "आपण दोघं लावू तेवढं लावू."

लागणीच्या सकाळी ती उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली. वाईट दिवस. तिला रडू आलं, आणि ते तिनं आवरलं नाही. बद्रीनाथनं तिला चहा दिला, गोधडी काखेत मारली, तिला मोटारसायकलवर मागे बसवून रानात नेलं आणि बांधावर करंजाच्या सावलीत झोपवलं. म्हणाला, "तू नुसती बघ. न्हाईतर रोप उलटं लावीन मी."

त्यानं पहिलं रोप टोचलं असेल नसेल, तोच वाटेवरून मालनबाईचा आवाज आला. कुणाला तरी शिव्या घालतच ती येत होती. मागून नंदा, रोपाची पाटी घेऊन मुक्ताई, आणि सगळ्यांच्या मागून, पांढरे बूट हातात धरून, अनवाणी अभिनव. रविवार होता.

"आक्का, मी पैरा सोडलाय," द्वारका गोधडीवरून म्हणाली.

"तुला सोडायला कुणी इचारलं?" मालनबाई वाफ्यात उतरली. "चौघींचं ठरलंय तर चौघींनी मोडायचं. तू एकटीनं कोण मोडणारी? आन उठायला गेलीस तर तंगडं मोडीन."

"मी फेडू कशी पर?"

"फेडशील तवा फेडशील. अर्दा दिस फेड. घटकाभर फेड. त्या दिवशी नुसती बसली व्हतीस, तर माजं रान हसत व्हतं."

हे बोलून झाल्यावर मालनबाईला स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण ती लगेच अभिनववर खेकसली, की रोप डाव्या हातात धरायचं, उजव्या हातानं टोचायचं, इंजिनिअर आहेस ना?

द्वारका गोधडी हनुवटीपर्यंत ओढून बघत राहिली. ओल्या वाफ्यात चार माणसं आणि तिचा नवरा वाकून पुढे सरकत होती, त्यांच्यामागे हिरव्या काड्यांच्या ओळी उभ्या राहत होत्या. छातीत ठोका चुकत होता, सापडत होता. ती आपल्या रानात निजली होती आणि रान पडीक नव्हतं.

"मुक्ताई," ती ओरडली, "खोल गेलं गं रोप! वर घे!"

"झोपलेल्यानं गप झोपावं!" मुक्ताई ओरडली, आणि रोप वर घेतलं.

दुपारी भाकरी खाताना मालनबाईनं पुढचं ठरवलं. उद्या नंदाकडे, तिचीही लागण राहिली होती. नंदा येणारच, मुक्ताई येते म्हणाली.

"द्वारके, तू?"

द्वारकानं छातीवर हात ठेवला. आतापर्यंत या प्रश्नाला तिनं नेहमी 'येणारच' हे एकच उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तरापायीच सगळं झालं होतं.

"जमलं तर येईन," ती म्हणाली. "न्हाई जमलं तर न्हाई."

"बरं," मालनबाई म्हणाली, आणि कांदा फोडून तिच्या भाकरीवर ठेवला.